रोज वाचूनही चालू घडामोडींत मार्क का जातात? स्वतःची परीक्षा स्वतः कशी घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'मी राज्यसेवेची तयारी करते. रोज दोन वर्तमानपत्रं वाचते, चालू घडामोडींचं मासिक दोनदा वाचून काढते, रात्री जेवताना मोबाईलवर दिवसभराच्या करंटचा व्हिडिओ बघते. तरी सराव परीक्षेत करंटचे १५ प्रश्न असले की ६–७च बरोबर येतात. प्रश्न वाचला की बातमी ओळखीची वाटते, पण पर्यायांत अडकते. वाचन अजून वाढवू का? आणि आपली तयारी झाली की नाही हे आपलं आपण कसं तपासायचं?'

वाचन वाढवू नका. आहे त्यातलाच अर्धा तास काढा आणि तो स्वतःला प्रश्न विचारण्यात घाला. मी एका तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवतो. गेली १६ वर्षं आमच्याकडे दर रविवारी सकाळी सात वाजता चालू घडामोडींचा पेपर असतो. प्रश्न मीच काढतो, तपासतोही मीच, आणि नंतर एकेकाला शेजारी बसवून विचारतो, 'हा पर्याय का निवडलास?' तुमच्यासारखी इमानेइतबारे वाचणारी आणि पेपरात अडकणारी मुलं-मुली मला दर बॅचला भेटतात. ज्यांनी पुस्तकच उघडलं नाही त्यांचे मार्क गेले तर समजू शकतं. पण पहाटे पाचला उठून वाचणाऱ्या मुलीचे दोन मार्क केवळ पर्यायांच्या गोंधळात जातात, तेव्हा जीव तुटतो.

तुम्ही लिहिलेलं 'ओळखीची वाटते' हेच दुखणं आहे. बसस्टँडवर एखादा चेहरा दिसतो, पाहिलाय हे नक्की असतं, पण नाव काही केल्या आठवत नाही. तेच मासिक दोनदा वाचलं की चेहऱ्याची ओळख पक्की होते, नाव मात्र तिथंच राहतं. आणि परीक्षेत विचारतात ते नाव. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हा फरक प्रयोगाने दाखवला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला दिला, तर काहींना तो मिटून आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पाहिलं तर मिटून लिहिणारे पुढे निघाले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, वर्षभराने असते.

आता एक बातमी घेऊन दाखवतो, म्हणजे मार्क कुठे गळतात ते दिसेल.

११ जुलै २०२५ला पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीच्या ४७व्या बैठकीत आपल्या १२ किल्ल्यांचा 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या आठवड्यात अभ्यासिकेतल्या प्रत्येकाच्या स्टेटसवर रायगड होता. बातमी माहीत नव्हती असं कुणीच नव्हतं. रविवारच्या पेपरात मी तीन विधानं दिली आणि त्यातली किती बरोबर एवढंच विचारलं. पहिलं, यादीतले सर्व किल्ले महाराष्ट्रात आहेत. दुसरं, सर्व किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. तिसरं, यादीत सिंहगड आहे. उत्तर होतं, एकही नाही. बहुतेकांनी एक किंवा दोन लिहिलं.

१२पैकी ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा जिंजी, तो तामिळनाडूत. पेपर परत देताना एक मुलगा म्हणाला, 'सर, जिंजी वाचलं होतं, पण ते तिकडे आहे हे डोक्यातच आलं नाही.' तिथे इतिहास मदतीला यायला हवा होता. शिवाजी महाराजांनी दक्षिणेच्या स्वारीत १६७७ साली जिंजी घेतली. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर १६८९ साली राजाराम महाराज तिथेच गेले आणि पुढे १६९८पर्यंत मराठ्यांनी तो किल्ला मोगलांविरुद्ध झुंजवला. हे ज्याच्या डोक्यात बसलंय तो 'सर्व किल्ले महाराष्ट्रात' या विधानापाशी आपोआप थबकतो, त्याला यादी पाठ करावी लागत नाही. दुसऱ्या विधानाचंही तसंच आहे. १२पैकी ८ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. सिंहगडाचं कारण वेगळं. तो आपल्या इतका मनातला आहे की यादीत असणारच असं आपण धरून चालतो.

याच बातमीवर अजून प्रश्न निघतात. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे बेटांवरचे किल्ले, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा. विजयदुर्ग कोणत्या जिल्ह्यात? सिंधुदुर्ग जिल्ह्यात. राजगड कुठे? पुणे जिल्ह्यात; आणि घाईत वाचणारा त्याला रायगड समजून बसतो. भारतातलं हे कितवं जागतिक वारसा स्थळ? ४४वं. त्याआधीचं ४३वं आसामातले अहोम राजघराण्याचे मोईदाम, २०२४चं.

एका बातमीतून असे निदान तीन प्रकारचे प्रश्न निघतात आणि आम्ही त्यांना आमच्यापुरती नावं ठेवली आहेत: बातमीचा प्रश्न, मुळाचा प्रश्न आणि शेजारचा प्रश्न. बातमीचा म्हणजे काय झालं, कुठे, कधी. मुळाचा म्हणजे ती बातमी ज्यावर उभी आहे ते: राज्यघटनेचं कलम, संस्था, भूगोल, इतिहास. आणि शेजारचा म्हणजे त्या बातमीसारखीच दिसणारी दुसरी गोष्ट, जिच्याशी आपली गफलत होईल. मासिक तुम्हाला पहिला प्रकार देतं. मार्क जातात ते दुसऱ्या-तिसऱ्यात. म्हणून माझं मुलांना सांगणं असतं, उत्तरं पाठ करू नका, प्रश्न काढायला शिका. ज्याला चुकीचा पर्याय चांगला काढता येतो त्याला बरोबर पर्याय सहसा चुकत नाही.

कृती साधी आहे. २०० पानी वही घ्या, पान मधोमध उभं दुमडा. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. रोज बातम्या वाचून झाल्या की वर्तमानपत्र बाजूला ठेवा, दहा मिनिटं थांबा, आणि आठवतील त्या दोनच बातम्यांवर प्रत्येकी तीन प्रश्न लिहा. दोनच. दहा बातम्या लिहिणारी मुलं पंधरा दिवसांत वही सोडतात, हे मी दर वर्षी बघतो. उत्तर न बघता लिहायचं, मग खात्री करायची. रविवारी उजवी बाजू झाकून आठवड्याचे ३०–४० प्रश्न सोडवायचे. महिन्याच्या शेवटी फक्त चुकलेले.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला ती बातमी घ्या. बातमीचा प्रश्न: केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय कधी घेतला? ३ ऑक्टोबर २०२४. मराठीबरोबर आणखी कोणत्या? पाली, प्राकृत, आसामी, बंगाली. आधीच्या सहा म्हणजे तमिळ, संस्कृत, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि ओडिया. म्हणून एकूण ११. आता मुळाचा प्रश्न: या ११पैकी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नसलेल्या कोणत्या? इथे वर्ग गप्प होतो. पाली आणि प्राकृत या दोन्ही त्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाहीत. अभिजात दर्जा आणि आठवी अनुसूची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या एका प्रश्नाने कायमचं कळतं. आणि शेजारचा प्रश्न: २७ फेब्रुवारी, १ मे आणि ३ ऑक्टोबर या तारखा मराठीच्या संदर्भात कशासाठी? कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, १ मे मराठी राजभाषा दिन, ३ ऑक्टोबर अभिजात मराठी भाषा दिन. आपल्याच भाषेचे तीन दिवस आपण सरमिसळ करतो, मग दुसऱ्यांच्या तारखांचं काय होणार.

ज्या गफलतीने सर्वांत जास्त मुलांना बुडवलेलं मी पाहिलंय ती म्हणजे विधेयकाचा क्रमांक आणि घटनादुरुस्तीचा क्रमांक. लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश आरक्षण देणारी २०२३ची दुरुस्ती १०६वी. पण तिचं विधेयक १२८वं होतं. मुलं ज्यावरून अभ्यास करत होती अशा एका मासिकात सरळ '१२८वी घटनादुरुस्ती' छापलं होतं, आणि त्या महिन्यात माझ्या निम्म्या वर्गाने तेच लिहिलं. जीएसटीचं विधेयक १२२वं, दुरुस्ती १०१वी. मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा: १२३ आणि १०२. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं आरक्षण: १२४ आणि १०३. मग अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदतवाढ: १२६ आणि १०४. राज्यांना मागास प्रवर्ग ठरवण्याचा अधिकार परत देणारी: १२७ आणि १०५. या शेवटच्या दुरुस्तीचा थेट संबंध महाराष्ट्राशी आहे. मराठा आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ५ मे २०२१ला आला, त्यात १०२व्या दुरुस्तीचा जो अर्थ लावला गेला त्यानंतर ती करावी लागली. हे कारण कळलं की १०२ आणि १०५ची जोडी मनात आपोआप बांधली जाते. आकड्यांची उडी कुठे बसली तेही बघा: १२४नंतर १२५ नाही. ते विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं, पण वरच्या दुरुस्त्या होत गेल्या तेव्हा मागेच राहिलं. 'एक देश, एक निवडणूक'साठी डिसेंबर २०२४मध्ये लोकसभेत मांडलेलं १२९वं हे विधेयक होतं. त्याला '१२९वी दुरुस्ती' म्हणणारा पर्याय आला तर हात आखडता घ्या.

महिला आरक्षणात मुळाचा प्रश्न सोडू नका. संसदेने २०२३मध्ये मंजूर केलेल्या मजकुरात आरक्षण लागू होण्याआधी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना या दोन अटी आहेत, आणि राज्यसभा व विधान परिषदेला हे आरक्षण लागू नाही. 'संसदेत एक तृतीयांश' असं विधान दिलं तर ते चूक, 'लोकसभेत' असं दिलं तर बरोबर. एका शब्दावर दोन मार्क.

जगाच्या बातम्यांत अशा शेजाऱ्यांची रांगच आहे. हेग शहरात दोन न्यायालयं बसतात आणि मराठी बातमीत त्यांच्या नावांत एका शब्दाचा फरक असतो. आंतरराष्ट्रीय न्यायालय हे संयुक्त राष्ट्रांचं अंग, १५ न्यायाधीश, तिथे वाद देशादेशांचे चालतात. गाझा प्रकरणी इस्रायलविरुद्ध दक्षिण आफ्रिका डिसेंबर २०२३मध्ये गेली ती इथे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय रोम करारातून जन्मलं, २००२पासून काम करतं, ते संयुक्त राष्ट्रांचं अंग नाही आणि तिथे आरोपी व्यक्ती असते. पुतिन यांच्यावर मार्च २०२३मध्ये आणि नेतन्याहू यांच्यावर नोव्हेंबर २०२४मध्ये अटक वॉरंट निघालं ते इथून. भारत रोम कराराचा सदस्य नाही. मी मुलांना दोन्ही बातम्या एका चिठ्ठीवर लिहून देतो आणि 'देश की व्यक्ती?' एवढंच विचारतो. या एका प्रश्नावर दोन्ही न्यायालयं कायमची वेगळी होतात.

ब्रिक्स या देशांच्या गटाचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३च्या जोहान्सबर्ग परिषदेत सहा देशांना सदस्य होण्याचं निमंत्रण गेलं आणि सगळ्यांनी ते सहा पाठ केले. नंतर अर्जेंटिनाने नकार दिला, ती बातमी आतल्या पानावर आली, पाठांतर मात्र तसंच राहिलं. जानेवारी २०२५मध्ये इंडोनेशिया आला. निमंत्रण, घोषणा, मंजुरी, अंमलबजावणी या चार पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीची बातमी वेगळी असते. तुमच्या वहीत बातमी कोणत्या पायरीवर थांबली आहे ते लिहा.

आणि नकाशा. हवामान परिषद २०२४ साली बाकूला झाली, २०२५ साली बेलेमला. ब्रिक्सची २०२४ची परिषद कझानला. या गावांवर बोट ठेवता येतं का बघा. बाकू कॅस्पियन समुद्राच्या काठी, कझान व्होल्गेवर, बेलेम अॅमेझॉनच्या मुखाजवळ. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये जिथे महिला विश्वचषक जिंकला ते बाटुमी काळ्या समुद्रावर, जॉर्जियात. भूगोलाचा प्रश्न आणि करंटचा प्रश्न अशा ठिकाणी एकच होतो. दिव्याचं नाव निघालंच आहे तर तिथलाही शेजारी ओळखा: तिने जिंकला तो बुद्धिबळाचा महिला विश्वचषक, महिला जगज्जेतेपद नव्हे. ते २०२५मध्ये चीनच्या जू वेनजुनने राखलं. विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्याने कोनेरू हंपीला हरवलं आणि त्याच विजयाने ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

आता तपासण्याचा तो भाग, ज्याबद्दल तुम्ही नेमकं विचारलंत. फक्त किती बरोबर आले हे मोजू नका. उत्तर लिहिताना प्रत्येकापुढे एक अक्षर लिहा: खात्री असेल तर 'ख', अंदाज असेल तर 'अं', काहीच माहीत नसेल तर रेघ. हे उत्तरतालिका बघण्याआधी लिहायचं, नंतर नाही. मग तपासताना चार ढीग पडतात. 'ख' आणि बरोबर, हे तुमचं. 'अं' आणि बरोबर, हे अजून तुमचं नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा सोडवा. 'अं' आणि चूक, यात काळजीचं काही नाही, वाचलं की येईल. आणि 'ख' आणि चूक. हा ढीग लहान असतो, पण सगळा घात तिथे असतो, कारण ते तुम्ही पुन्हा कधीच वाचणार नाही. तुम्हाला ते येतंच आहे असं वाटतंय.

एका मुलीची वही माझ्याकडे वर्षभर होती. तिचे एकूण मार्क महिनोन्महिने तिथेच अडकलेले. अक्षरं लावल्यावर कळलं की तिच्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त 'ख'च्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक एकाच जातीच्या: पदावरच्या व्यक्ती आणि दर. ती जूनचं मासिक डिसेंबरच्या परीक्षेला वापरत होती. २०२५ या एकाच वर्षात देशाने तीन सरन्यायाधीश पाहिले. १३ मेपर्यंत संजीव खन्ना, १४ मेपासून अमरावतीचे भूषण गवई, २४ नोव्हेंबरपासून सूर्य कांत. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, त्या वर्षी फेब्रुवारीत ६.२५ टक्के, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५ झाला. अशा हलत्या गोष्टी शाईने लिहू नका. पेन्सिलने लिहा, शेजारी तारीख टाका, आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात फक्त पेन्सिलची पानं पुन्हा तपासा. न हलणारं मात्र शाईने लिहा: सरन्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ६५, रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा सदस्य, महागाईचं लक्ष्य ४ टक्के आणि वर-खाली २.

अंदाज मारायचा की सोडायचा, हे लगेच पुढे येतं. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना २०० गुण आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण जातात. म्हणजे डोळे मिटून चार प्रश्न सोडवले, सरासरीने एक बरोबर आला, तर २ मिळाले आणि १.५ गेले. दोन पर्याय खात्रीने उडवता आले तर चारपैकी दोन बरोबर येतील: ४ मिळाले, १ गेला. यूपीएससीत एक तृतीयांश जातात, तिथे आंधळ्या अंदाजात हाती शून्य. पण हे सगळं गणित तुम्ही उडवलेले पर्याय खरोखर चुकीचे असतील तरच. खोट्या खात्रीने बरोबर उत्तरच उडवलं तर अशा चार प्रश्नांत मिळकत काहीच नाही आणि २ गुण खिशातून गेले. म्हणून 'ख' आणि चूक हा ढीग कमी झाल्याशिवाय पेपरात सोडवायच्या प्रश्नांची संख्या वाढवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

कशावरून वाचायचं याबद्दल फार बोलत नाही. एक वर्तमानपत्र पुरे, दुसरं बंद करा. शंका आली की मूळ जागी जा. पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रकं मराठीतही येतात आणि किल्ल्यांच्या संरक्षणासारखा तपशील तिथे एका परिच्छेदात मिळतो. ही सवय पुढेही उपयोगी पडते. आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवतो, तेव्हा मासिकाचं पान चालत नाही, अधिकृत पुरावा लागतो. दिनविशेष, पुरस्कारांच्या लांबलचक याद्या, कोणत्या निर्देशांकात भारत कितवा, यावर आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त देऊ नका. निर्देशांकात क्रमांकापेक्षा तो प्रसिद्ध कोण करतं हे आधी पाठ करा. आणि जेवतानाचा व्हिडिओ सोडायचा नसेल तर तो संपल्यावर, हात धुऊन आल्यावर, त्यातल्या पाच गोष्टी कागदावर लिहून बघा. दोन-तीन दिवसांत कळेल त्यातून किती हाती लागतं.

या रविवारी सुरुवातीला हे सात प्रश्न घ्या. पर्याय मुद्दामच देत नाही. उत्तरापुढे ख, अं किंवा रेघ लिहा आणि मगच पुढचा परिच्छेद वाचा. एक, आदित्य एल-१ कोणत्या प्रक्षेपकाने गेलं? दोन, २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन कशामुळे? तीन, वाढवण बंदर कोणत्या जिल्ह्यात आणि त्यात राज्याच्या सागरी मंडळाचा वाटा किती? चार, भारतीय न्याय संहितेत कलमं किती आणि ती लागू कधी झाली? पाच, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कोणत्या प्रकारात पदक मिळवलं, आणि त्याआधी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कधीचं? सहा, नाटोचा ३२वा सदस्य कोण? सात, देशाच्या बहुतेक भागासाठी येत्या जनगणनेची संदर्भ तारीख कोणती, आणि बर्फाळ प्रदेशांसाठी कोणती?

उत्तरं: पीएसएलव्ही-सी५७, अनेकजण इथे एलव्हीएम३ लिहितात, ते चंद्रयान-३चं. चंद्रयान-३ २०२३ साली त्या दिवशी चंद्रावर उतरलं. पालघर, २६ टक्के. उरलेले ७४ जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचे. ३५८ कलमं, १ जुलै २०२४. ५३१ लिहिलं असेल तर तुम्ही नागरिक सुरक्षा संहितेत गेलात. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, कांस्य. त्याआधी १९५२ साली हेलसिंकीत कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं, तेही कांस्य. स्वीडन, मार्च २०२४, ३१वा फिनलंड. १ मार्च २०२७, आणि बर्फाळ प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६.

यात 'ख' लिहून चुकलेला एक जरी प्रश्न निघाला तरी वहीचं पहिलं पान त्याचंच. तिथे त्याचे तीन प्रश्न काढा, आणि पुढच्या रविवारी उजवी बाजू झाकून तिथूनच सुरू करा.